शेवटच्या जागेवरचा उजेड

१

चोरीची बातमी मला ज्याच्याकडे चोरी झाली त्याने दिली नाही, त्याच्या बायकोने दिली.

"चैताली, असशील तशी निघ," राधाकाकू फोनवर म्हणाल्या. "दुकानात चोरी झाली म्हणून हे पाच वाजता चौकीवर जाणार आहेत. त्याच्या आत ये, नाहीतर एका पोराचं आयुष्य फुकट जाईल."

मी विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम करते. दुकानांना लागलेल्या आगी तपासायच्या आणि कुठल्या खऱ्या, कुठल्या लावलेल्या ते सांगायचं. बुधवार पेठेत दत्तप्रसादकाकांच्या शेजारचं दुकान जळलं तेव्हा मी पहिल्यांदा त्या बोळात गेले होते. "तुमचं बघून झालं असेल तर दारातून बाजूला व्हा, माझं गिऱ्हाईक अडतंय," हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. तेव्हापासून आमचे संबंध उत्तम आहेत.

काकांचं लायटिंगचं दुकान. दारावर पाटी: 'दुपारी १ ते ४ बंद. बेल वाजवू नये. वाजवल्यास उघडले जाणार नाही.' ही पाटी त्यांनी तीस वर्षं अक्षरशः पाळली आहे. गणपती बसायच्या दिवशी, मंडळाची पोरं माळांसाठी शटरवर थापा मारत असताना, काका आतल्या बाकावर आडवे होते. चार वाजता उठून त्यांनी पोरांना विचारलं, "वाचता येतं का?"

मी पोचले तेव्हा ते काउंटरची काच पुसत होते.

"काय गेलं, काका?"

"एक पॉवर सप्लाय. वायर."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? चोरी ही चोरी असते. काल रविवारी, दुपारी पावणेतीनला आत शिरला, साडेतीनला गेला."

"कोण?"

"कोण ते पोलीस शोधतील. अज्ञात इसम म्हणून सांगणार आहे मी." त्यांनी फडका झटकला. "चोरीचा माल बघायचा असेल तर वर जा. आणि हात लावू नका. कुणीही लावायचा नाही."

चोरी दुकानातली आणि माल वरच्या मजल्यावर? मी जिना चढले आणि दारातच थांबले. त्या हॉलमध्ये जी शेवटची जागा कायम अंधारी असायची, ती दाराजवळच्या पहिल्या जागेइतकीच लख्ख उजळली होती.

२

वर काकूंची अभ्यासिका आहे. चाळीस फूट लांब, अरुंद हॉल. एका भिंतीला लागून सोळा जागा, सोळा खुर्च्या, आणि खुर्च्यांत स्पर्धा परीक्षांची पोरं, मान खाली घालून. टेबलांच्या वर एक सलग फळी आहे आणि फळीच्या खालून एलईडीची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली आहे.

या पट्टीचं दुखणं सोपं आहे. वीज तिच्यात दाराच्या बाजूने शिरते. पट्टीतलं तांबं पातळ, वाटेत प्रत्येक दिवा आपला वाटा घेणार, त्यामुळे पुढे पुढे दाब कमी होत जातो. आपल्याकडे पाण्याचं होतं तेच. नळाच्या लाइनीतल्या पहिल्या घरी धो धो आणि शेवटच्या घरी करंगळीएवढी धार. म्हणून पहिल्या जागेवर पांढराशुभ्र उजेड आणि सोळाव्या जागेवर पिवळट, मेलेला. उपायही तोच. दुसऱ्या टोकालाही एक पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज पट्टीला सोसेल अशी करणारी पेटी, जोडायची.

"हा उपाय आमच्या आमोदने सांगितला होता," काकू हळू आवाजात म्हणाल्या. आम्ही हॉलबाहेर जिन्यावर बसलो होतो. "बाबा, शेवटच्या पोराचे डोळे जातील, दोन्हीकडून सप्लाय देऊ. हे म्हणाले, मी तीस वर्षं लाइटच विकतोय, तू डिप्लोमा करून चार दिवस झाले. ज्याला अंधार वाटतो त्याने कमी फीमध्ये बसावं, आणि ज्याला अक्कल शिकवायची आहे त्याने स्वतःचं दुकान काढावं. झालं. त्याने काढलं."

आमोद त्यांचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी बॅग घेऊन गेला तो वारज्याला. तिथे खोली, आणि नाटकांच्या, लग्नांच्या लायटिंगची कामं. वारजे काही अमेरिकेत नाही, पण या घरापासून ते तेवढंच लांब झालं होतं. आईला आठवड्यातून एकदा फोन यायचा. ती बोलत असली की बाप आतल्या खोलीत जायचा.

"आठवण येते हो," काकू म्हणाल्या. "बाकी काही नाही. भाजी निवडताना एकदम येते."

मी त्यांचा हात धरला. मग विचारलं, "आणि ज्याचं आयुष्य फुकट जाणार, तो पोरगा कोण?"

"साईनाथ. सोळाव्या जागेवर दोन वर्षं तोच बसला. त्या उजेडात अभ्यास करून राज्यकर निरीक्षक झालाय, चैताली. निकाल लागला, आता पोलिसांची चारित्र्य पडताळणी व्हायचीय. आणि अभ्यासिकेच्या किल्ल्या तिघांकडेच आहेत. ह्यांच्याकडे, माझ्याकडे आणि त्याच्याकडे. सकाळी तोच उघडतो. पोलीस आले तर पहिलं नाव कुणाचं येईल?"

पाच वाजायला तासभर होता. आत सोळाव्या जागेवर एक काटकुळा मुलगा पुस्तक मिटून बसला होता आणि माझ्याकडेच बघत होता.

३

साईनाथ हिंजवडीच्या पलीकडच्या गावातला. बोलायला स्वच्छ, पण घाबरला की बोली गावाकडे पळायची.

"काल दुपारी तू कुठे होतास?"

"इथंच."

"एकटा?"

काल परीक्षा होती. सगळी पोरं निरनिराळ्या सेंटरवर, अभ्यासिका रिकामी. ज्याची परीक्षा संपली होती असा हा एकच.

"मॅडम, मी चोरी केलेली नाय," तो म्हणाला. "दुकानात मी पाऊल ठेवलं नाय. आईशप्पथ."

"मग हा उजेड कुणी केला?"

त्याने शर्टाची बाही खाली ओढली.

"तुला माहीत आहे?"

"माहीत हाय. पण सांगायचं नाही असा शब्द दिलाय मी."

"अरे, तुझी पडताळणी आहे. उद्या पोलिसांनी विचारलं तर?"

"तेच रात्रभर डोक्यात हाय, मॅडम. घरी आईनं पेढे वाटलेत. पण शब्द दिलाय."

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. असल्या पोरांचं पुढे नोकरीत काय होतं, ते आपण बघतोच.

पंधराव्या जागेवर ऋतुजा बसते. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आयटीतली नोकरी सोडून आलेली. किल्ली नसली तरी अक्कल होती, म्हणून तिलाही बाहेर बोलावलं.

"मॅम, मी केलं असतं ना, तर ओपनली केलं असतं आणि क्रेडिटपण घेतलं असतं," ती म्हणाली. "आणि काल मी सकाळपासून कोथरूडला होते, सेंटरवर. दोन पेपर. पण ज्याने केलंय ना, ही इज गुड. नुसता दुसरा सप्लाय आणून चिकटवला नाहीये. दोन सप्लाय एकमेकांशी भांडू नयेत म्हणून आठव्या जागेपाशी पट्टीचा प्लस कापलाय आणि मायनस तसाच ठेवलाय. अर्धी पट्टी या बाजूने, अर्धी त्या बाजूने. हे साईनाथला झेपणार नाही. त्याचं ग्रॅज्युएशन हिस्ट्रीमधलं आहे, तो फ्यूज बदलतानापण नमस्कार करतो."

"मग कुणी केलं?"

"तेच कळत नाहीये. आणि एक गोष्ट तर अजिबात कळत नाहीये." ती हॉलच्या टोकाकडे बघत म्हणाली. "सप्लायला मेन्स, आय मीन भिंतीतली वीज, लागते ना? त्या टोकाला प्लग पॉइंटच नाहीये. सहा महिने शोधला मी. लॅपटॉप चार्ज करायला मला रोज दारापर्यंत यावं लागतं."

पॉइंट नाही आणि दिवे लागले आहेत. मी सोळाव्या टेबलाखाली शिरले.

४

टेबलामागच्या भिंतीला प्लायवूड ठोकलेलं होतं. त्याच्या खालच्या कोपऱ्यातले दोन स्क्रू चकचकीत होते, बाकीचे गंजलेले. प्लायमध्ये एक नवं भोक होतं आणि त्यातून जाड लाल-काळी वायर वर गेली होती. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून मी तो कोपरा सोडवला आणि टॉर्च मारला.

मागे पत्र्याच्या जाळीदार पेटीतला नवा कोरा पॉवर सप्लाय होता. आणि भिंतीत एक जुना, काळा, गोल बटणाचा प्लग पॉइंट. त्याच्याभोवती भिंतीचा रंगही वेगळा होता, पिवळा, तेलकट.

"काकू," मी हाक मारली. "हे काय आहे?"

काकू गुडघे धरत खाली वाकल्या. आत हात घालून त्यांनी तो पॉइंट चाचपला आणि हात तसाच राहू दिला.

"हा माझ्या मिक्सरचा पॉइंट," त्या म्हणाल्या.

अभ्यासिका व्हायच्या आधी या हॉलमध्ये त्यांचं घर होतं. या टोकाला स्वयंपाकघर. वरचा मजला बांधल्यावर बिऱ्हाड वर गेलं आणि इथे प्लाय ठोकलं गेलं. त्यामागे पॉइंट आहे हे साईनाथला ठाऊक असणं शक्य नव्हतं, ऋतुजाला सहा महिने शोधूनही सापडला नव्हता. ज्याने लहानपणी याच कोपऱ्यात उभं राहून मिक्सर कधी थांबतोय याची वाट बघितली, त्यालाच तो आठवणार.

मला काकूंना काही सांगावं लागलं नाही. त्या तिथेच फरशीवर बसल्या.

"माझ्या डोक्यावर पंखा चालू होता," त्या म्हणाल्या. "मी वर झोपले होते, चैताली. तो खाली होता, माझ्या खालीच होता. घरात येऊन गेला आणि घोटभर पाणी नाही प्यायला."

साईनाथ उठून उभा राहिला होता. त्याचे डोळे भरले होते. "काकू, मी पेढे द्यायला वारज्याला गेलो होतो आमोददादांकडं. सहज बोललो, माझं झालं, आता त्या जागेवर दुसरं कुणीतरी येईल. तर म्हणाले, निदान त्याला तरी उजेड मिळू दे. मी म्हटलं, घरी भेटून जावा. तर म्हणाले, बाबांनी बोलावल्याशिवाय नाही. काल आले तेव्हा दार मीच उघडलं. कुणाला सांगू नको म्हणाले."

म्हणजे उजेड कुणी केला ते कळलं होतं. पण माझं समाधान होईना. ती पत्र्याची पेटी मला खुपत होती. घड्याळात पाचाला वीस मिनिटं कमी होती आणि खाली काका चपला शोधत होते.

५

"बसा, काका," मी म्हणाले. "चौकी कुठे पळून जात नाही."

"तुम्ही आहात तोवर कुणी सुखाने कुठे जाऊही शकत नाही," ते म्हणाले, पण बसले.

"वरचा सप्लाय पत्र्याच्या पेटीतला आहे. तुम्ही विकता ते सगळे प्लॅस्टिकचे. एवढा महागाचा सप्लाय आमच्या बोळात कोण घेणार, हे तुमचंच वाक्य. बरोबर?"

ते काच पुसायला लागले.

"जाड वायरची भेंडोळी तुमच्या मागे आहेत, सगळ्यांची सील शाबूत. तुमच्या दुकानातून काहीही गेलेलं नाही. काका, मी आयुष्यात पुष्कळ खोटे दावे बघितलेत, पण अशी चोरी पहिल्यांदा बघतेय, जिच्यात घरातली वस्तू कमी व्हायची सोडून एक वाढली."

"तुम्हाला काय म्हणायचंय?"

"दुसरी गोष्ट. तुम्ही वेळ सांगितलीत. पावणेतीनला आला, साडेतीनला गेला. एक ते चार तुम्ही झोपता, हे अख्ख्या पेठेला माहीत आहे. झोपलेल्या माणसाला चोराची वेळ कशी कळली?"

फडका थांबला. बाहेरून दगडूशेठच्या दिशेने निघालेल्या लोकांचा गलका येत होता. काकांनी फडका घडी करून काउंटरवर ठेवला.

"झोप कुठे लागते," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. शटर ओढायचं आणि आढ्याकडे बघत पडायचं."

मी पिशवी खाली ठेवली.

"जिना या भिंतीला लागून आहे. पायऱ्या दोन-दोन चढायची सवय त्याची, लहानपणापासूनची. किती वेळा ओरडलो असेन, पडशील म्हणून. काल ऐकलं. दुसऱ्या कुणाचे पाय नाहीत ते." त्यांनी चष्मा काढला. "उठलो मी. शटरला हात लावला. वर करायचं फक्त."

"मग?"

"एक ते चार बंद असतं."

हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला हसू आलं नाही.

"तीस वर्षांत कुणासाठी उघडलं नाही. आणि उघडून म्हणणार काय होतो? म्हटलं, उतरताना तो थांबेल. दार वाजवेल. पाटी काही त्याच्यासाठी नाही. तो उतरला, या शटरपाशी थांबला. त्याची सावली दिसत होती मला खालच्या फटीतून. आणि गेला. पाटी पाळून गेला. आमचाच मुलगा."

"म्हणून पोलीस?"

"मग काय करणार? पत्ता माहीत असलेला मुलगा हरवलाय, अशी तक्रार कोण लिहून घेणार? चोराला मात्र धरून आणतात. समोर उभा करतात."

"आणि वर साईनाथ बसलाय, त्याचं काय?"

"त्याचा काय संबंध? त्याचं नाव मी घेतलेलंच नाही. अज्ञात इसम म्हणतोय मी."

"किल्ली कुणाकडे, हा पोलिसांचा पहिला प्रश्न असतो, काका. त्याची चारित्र्य पडताळणी व्हायचीय. तुमच्या मुलाला दिलेला शब्द तो मोडत नाही. तो गप्प राहील आणि त्याची नोकरी जाईल."

काकांचा चेहरा उतरला. खरंच हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आपल्या दुःखाला इतकं कुलपात ठेवलं की दुसऱ्याचं दिसेनासं होतं, ते असं.

"दोन वर्षं मी विचारतेय," मागून आवाज आला. काकू जिन्याच्या दारात उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. "त्याची आठवण येते का, विचारतेय. तर म्हणे, बाजूला हो, गिऱ्हाईक आलंय."

काका उठले. मला वाटलं, चपला घालतील. त्यांनी चपला तिथेच सोडल्या आणि अनवाणीच जिना चढायला लागले.

६

हॉलमधल्या सोळा माना वर झाल्या. काका शेवटच्या टेबलापाशी गेले, वाकले, पट्टीच्या टोकाचा सांधा दोन बोटांत धरून त्यांनी ओढून बघितला. आठव्या जागेपाशी येऊन कापलेली जागाही न्याहाळली. तिथे दोन्हीकडचा उजेड भेटत होता आणि नीट बघितलं तरच किंचित मंद वाटत होता. पहिली जागा आणि सोळावी जागा यांत आता काही फरक नव्हता.

"काम बरं केलंय," ते म्हणाले. बुधवार पेठेत त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक अजून कुणी ऐकलेलं नाही.

मग ते साईनाथसमोर उभे राहिले.

"तू बोलला का नाहीस?"

"शब्द दिला होता, काका."

"मूर्ख आहेस. अधिकारी म्हणून बरा निघशील." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायला ते विसरले. "चोरी झालेली नाही. माझी मोजण्यात चूक झाली. सगळ्यांनी ऐकलं? आता वाचा."

जिन्यात आल्यावर त्यांनी काकूंपुढे हात केला. "फोन दे तुझा. लावून दे."

काकूंनी नंबर लावून दिला. पलीकडे घंटी वाजली, कुणीतरी "आई, बोल" म्हणालं.

"आई नाही, मी आहे," काका म्हणाले. "ते वर काम केलंस ना काल. शेवटचा सांधा लूज आहे. लाइट लुकलुकतोय. कामं अर्धवट टाकून जायची तुझी सवय गेली नाही अजून. येऊन नीट करून जा."

तो सांधा मघाशी वर मीही माझ्या हातांनी ओढून बघितला होता, त्यांनीही आत्ताच बघितला होता. त्याच्यावर कपडे वाळत घातले असते तरी तो सुटला नसता.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"उद्या? उद्या किती वाजता?" काका क्षणभर थांबले. "दुपारी दोनला वेळ मिळतो होय तुला. बरं. ये."

दुसऱ्या दिवशी मी बुधवार पेठेत एक काम काढलं. काम नव्हतं, हे सांगायला नकोच. दोन वाजता सगळा बोळ झोपला होता, ओळीने शटर खाली. फक्त काकांचं शटर पार वरपर्यंत गेलेलं होतं. पाटी जागच्या जागी होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसले होते. वर, दुसऱ्या मजल्यावर, मिक्सर चालू होता.

एक गिऱ्हाईक चाचरत पुढे झालं. "काका, उघडं आहे?"

"नाही. पाटी वाचा."

"मग हे शटर..."

"ते तुमच्यासाठी नाही."

गिऱ्हाईक माझ्याकडे बघत निघून गेलं. काकांनीही मला बघितलं, पण हाकललं नाही. "या वेळेला वारज्याहून यायला फार गर्दी असते का हो?" त्यांनी विचारलं.

"असते थोडी," मी म्हणाले.

बोळाच्या तोंडाशी एक स्कूटर थांबली. खांद्याला अवजारांची पिशवी लावलेला एक तरुण उतरला आणि मान खाली घालून, दुकानाकडे न बघता, सरळ जिन्यात शिरला. पावलं दोन-दोन पायऱ्या वर जाताना ऐकू आली. काका स्टुलावरून अर्धवट उठले.

मग वरची पावलं थांबली. बहुतेक शटर उघडं असल्याचं त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. तो एकेक पायरी उतरत खाली आला, दुकानाच्या दारात उभा राहिला, त्याने पाटीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि चपला काढून आत गेला.